‘छावा’ आणि ‘चॅव्ह’ : एका उसनवार शब्दाचा इतिहास

१

इ. स. २००४ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मुद्रणालयाने प्रसिद्ध केलेल्या सूझी डेंट यांच्या भाषावृत्तात ‘चॅव्ह’ या शब्दाची त्या वर्षाचा शब्द म्हणून नोंद झाली. ज्या शब्दाचे नाव दहा वर्षांपूर्वी इंग्लंडातील बहुसंख्य सुशिक्षितांच्या कानीही नव्हते, तो एकाएकी वृत्तपत्रांच्या मथळ्यांत, दूरचित्रवाणीवरील विनोदात आणि शाळकरी मुलांच्या तोंडी खेळू लागला. अर्थ सर्वांस ठाऊक होता : स्वस्त क्रीडावस्त्रे, चौकटीची टोपी आणि ठसठशीत सोन्याचे दागिने घालणारा, उद्धट, अल्पशिक्षित असा खालच्या वर्गातील तरुण किंवा तरुणी. मूळ मात्र फारच थोड्यांस ठाऊक होते, आणि जे ठाऊक असल्याचे सांगितले जात होते ते बहुधा खोटे होते.

मराठी अभ्यासकास या शब्दाविषयी कुतूहल वाटावे याचे कारण सरळ आहे. ‘चॅव्ह’ ज्या शब्दापासून आला असे आज सामान्यतः मानले जाते तो रोमानी भाषेतील ‘छावो’ हा शब्द होय. आणि हा ‘छावो’ मराठी ‘छावा’ या शब्दाचा सख्खा भाऊ आहे. मराठीत ‘छावा’ म्हणजे हत्ती, सिंह, वाघ अशा बलिष्ठ प्राण्याचे पिल्लू, आणि लक्षणेने पराक्रमी पित्याचा पराक्रमी पुत्र. शिवाजी सावंत यांनी संभाजीमहाराजांवरील आपल्या १९७९ मधील कादंबरीस हेच नाव दिले, यावरून शब्दाची मराठी मनातील प्रतिष्ठा ध्यानी यावी. एकाच प्राकृत शब्दाचे एक वंशज मराठीत गौरवाचे पद पावते आणि दुसरे इंग्लंडात पोचून शिवी होते, ही घटना केवळ योगायोग म्हणून सोडून देण्याजोगी नाही. अर्थ शब्दाच्या अंगी असतो की बोलणाऱ्यांच्या परस्परसंबंधांत, हा अर्थविचारातील जुना प्रश्न येथे एका ठसठशीत उदाहरणाच्या रूपाने उभा राहतो. या शब्दाचा प्रवास प्रथम ध्वनीच्या अंगाने व नंतर समाजाच्या अंगाने तपासल्यास त्या प्रश्नाचे निदान अंशतः उत्तर मिळू शकते.

२

संस्कृतात ‘शाव’ व ‘शावक’ हे शब्द प्राण्याच्या पिल्लास लावले जातात. या शब्दाच्या आद्य ‘श’काराचा प्राकृतात ‘छ’ होतो, ही गोष्ट प्राकृत वैयाकरणांनी आवर्जून नोंदली आहे. वररुचीच्या ‘प्राकृतप्रकाशा’त षट्, शावक व सप्तपर्ण या शब्दांस असा आदेश सांगितला आहे, बाराव्या शतकातील हेमचंद्राने त्या यादीत शमी व सुधा यांची भर घातली. यादी इतकी तोकडी आहे यावरूनच हे उघड होते, की हा काही सर्वव्यापी ध्वनिनियम नव्हे. ती मोजक्या शब्दांपुरती घडलेली गोष्ट आहे. पालीत ‘छाप’ असे रूप मिळते. त्यातील ‘प’ मूळचा की ‘व’काराचे अतिशुद्धीकरण, याविषयी मतभेद संभवतात, पण ‘छ’कार पालीइतका जुना आहे एवढे त्यावरून निश्चित होते.

नियमाची ही अव्यापकता प्रस्तुत प्रश्नात फार उपयोगी पडते. ‘षट्’चे मराठी रूप ‘सहा’ आहे, हिंदीप्रमाणे ‘छह’ नव्हे. रोमानीतही ते ‘शोव’ असे आहे. म्हणजे संख्यावाचकाच्या बाबतीत मराठी व रोमानी या दोन्ही भाषा ‘छ’काराच्या वाटेस गेल्या नाहीत. असे असता ‘शावक’ या शब्दात मात्र दोहींमध्ये ‘छ’ आढळतो. तो दोहोंनी स्वतंत्रपणे घडविला असे मानण्यापेक्षा ‘छाव’ हे घडलेले प्राकृत रूपच दोहींकडे वारशाने आले, असे मानणे अधिक सयुक्तिक होय. राल्फ टर्नर यांनी आपल्या भारतीय-आर्य भाषांच्या तौलनिक कोशात रोमानी व मराठी रूपे एकाच मुळाखाली दाखविली आहेत. टर्नर यांचा मराठीशी परिचय जुना होता. मराठीतील प्राचीन स्वराघाताविषयीचा त्यांचा निबंध १९१६ मधील आहे.

शब्दाच्या अंत्य स्वराकडे पाहिले तर ‘छावअ’ या प्राकृत अंगापासून मराठी-हिंदीत ‘आ’कारान्त व गुजराती, राजस्थानी, सिंधी यांत ‘ओ’कारान्त पुल्लिंगी रूपे होतात. रोमानी या दुसऱ्या गटाप्रमाणे वागते. म्हणून ‘छावा’ऐवजी ‘छावो’. स्त्रीलिंगी रूप ‘छाय’, म्हणजे मुलगी, कन्या. मधला ‘व’कार लोपून ते सिद्ध झाले.

दोन्ही शब्द आज इतके जवळचे का दिसतात याचेही कारण आहे. युरोपातील रोमानीत जुन्या घोष महाप्राणांचे अघोष महाप्राण झाले : भ्रातृ या शब्दाचे ‘फ्राल’, भूमीचे ‘फुव’, धूमाचे ‘थुव’, घृताचे ‘खिल’. मराठी ‘भाऊ’ आणि रोमानी ‘फ्राल’ यांचे नाते सांगितल्यावाचून कळत नाही. ‘छ’ मात्र मुळातच अघोष असल्यामुळे या स्थित्यंतराचा त्यास स्पर्श झाला नाही. हजार वर्षांच्या ताटातुटीनंतरही ‘छावा’ व ‘छावो’ एकमेकांस ओळखतात ते यामुळे.

३

या साम्यावरून रोमानी ही मराठीची लेक होय, असा निष्कर्ष काढण्याचा मोह मात्र आवरला पाहिजे. शब्दांच्या एकट्या-दुकट्या साम्यावरून भाषांची वंशावळ ठरत नाही. ती नियमबद्ध ध्वनिपरिवर्तनांच्या समूहावरून ठरते. ‘क्ष’ या संयुक्त व्यंजनाची वाट पाहिली म्हणजे हे स्पष्ट होते. मराठीच्या जुन्या तद्भव स्तरात ‘क्ष’चा स किंवा श होतो : मक्षिकेची ‘माशी’, इक्षूचा ‘ऊस’, क्षेत्राचे ‘शेत’, कुक्षीची ‘कूस’. रोमानीत माशीस ‘माख’ म्हणतात व डोळ्यास ‘याख’. म्हणजे ती हिंदीच्या ‘मक्खी’ व ‘आँख’ यांच्या बाजूने उभी राहते. टर्नर यांनी १९२६ मध्ये अशाच प्रमाणांचा समूह मांडून असे दाखविले, की रोमानीचा आरंभ मध्यदेशीय भाषांच्या परिसरात झाला व तेथून ती पुष्कळ आधी वायव्येकडे सरकली. म्हणूनच ‘श’, ‘ष’ यांचे ‘स’काराहून वेगळेपण आणि ‘त्र’, ‘स्त’ यांसारखे जुने व्यंजनसंयोग, जे मध्यदेशात लोप पावले, ते तिने राखले. व्याकरणातही भेद आहे. मराठीने तिन्ही लिंगे जपली. रोमानीत नपुंसकलिंग उरलेले नाही.

भारत सोडल्यानंतर रोमानीभाषकांचा मार्ग त्यांच्या शब्दसंग्रहातच कोरलेला आहे. फारसी व आर्मेनियन शब्दांचे थर आणि त्यांवर ग्रीकचा जाड थर, इतका की सात, आठ व नऊ या संख्यांसाठी ग्रीक शब्द रूढ झाले. हा समाज स्वतःस ‘रोम’ म्हणवितो. हे नाव संस्कृत ‘डोंब’ या शब्दापासून आले असे सामान्यतः मानले जाते; रोमानीत मूर्धन्य ‘ड’चा ‘र’ होतो. मराठीतील ‘डोंब’ व ‘डोंबारी’ ही त्याच गोताची नावे होत.

युरोपास या भाषेचे भारतीयत्व उमगले ते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. रूडिगर यांचा निबंध १७८२ मध्ये व ग्रेलमन यांचा ग्रंथ १७८३ मध्ये निघाला. पुढे पॉट यांनी १८४४-४५ मध्ये व मिक्लोसिश यांनी १८७२ पासून तिचा शास्त्रशुद्ध अभ्यास उभारला. योगायोग असा, की इंग्लंडात या लोकांवरील एलिझाबेथकालीन कठोर कायदा रद्द झाला तेही साल १७८३. स्कॉटलंडात त्यांची पहिली नोंद १५०५ ची आहे व इंग्लंडात १५१४ ची. ते ईजिप्तमधून आले या समजुतीने त्यांस ‘ईजिप्शियन’ म्हटले गेले व त्याचाच अपभ्रंश ‘जिप्सी’ असा झाला. १५३० च्या कायद्याने त्यांस देशाबाहेर घालविण्याचे ठरले. १५५४ च्या कायद्याने देशात राहण्याबद्दल देहान्ताची शिक्षा सांगितली. ज्या समाजाचे देशात असणे हाच गुन्हा होता, त्याच्या भाषेतून इंग्रजीने पुढे शब्द उचलले. कोणते शब्द उचलले व कोणत्या दारातून, हे पाहताना ही पार्श्वभूमी विसरता येत नाही.

४

एखादी भाषा दुसऱ्या भाषेकडून शब्द घेते तेव्हा ते शब्द कोणत्या क्षेत्रातले आहेत यावरून दोन समाजांचा संबंध कळतो. मराठीने पोर्तुगीजांकडून बटाटा, चावी, पगार, घमेले हे शब्द घेतले. त्यांतून व्यापार, घरबांधणी व चाकरी यांचा संबंध दिसतो. इंग्रजीने रोमानीकडून घेतलेल्या शब्दांत विद्येचा, धर्माचा वा राजकारणाचा शब्द शोधूनही सापडत नाही. ‘पॅल’ म्हणजे दोस्त. हा ‘फ्राल’चा, म्हणजे भावाचा, वंशज असून सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून आढळतो. पोलिसांच्या खबऱ्यास ‘नार्क’ म्हणतात. त्याच्या मुळाशी रोमानी ‘नाक’ आहे असे कोशकार सांगतात, आणि हे ‘नाक’ मराठीतील नाकाहून वेगळे नाही. पैशासाठी ‘वाँगा’ हा शब्द आहे. त्याचे मूळ कोळसा या अर्थाच्या शब्दात, म्हणजे अखेरीस ‘अंगार’ या संस्कृत शब्दात, शोधतात. दंडुक्यास ‘कॉश’ म्हणतात. त्याचा संबंध लाकूड या अर्थाच्या रोमानी शब्दाशी, व त्यातून संस्कृत ‘काष्ठ’ शब्दाशी, जोडला जातो.

दोस्त, खबऱ्या, पैसा आणि दंडुका! बाजार, जत्रा, घोड्यांचे सौदे, रस्त्यालगतचे मुक्काम व पोलिसांची पाळत असे त्या संपर्काचे क्षेत्र या शब्दांवरून डोळ्यांपुढे उभे राहते. दोन्ही समाजांतील तळचे लोक तेथे एकमेकांस भेटत. त्यामुळे हे शब्द इंग्रजीत आले ते प्रमाणभाषेच्या महाद्वारातून आले नाहीत. बोलींच्या आणि गुप्तभाषांच्या मागील दाराने त्यांचा प्रवेश झाला.

इंग्लंडातील रोमानी भाषेचेही याच सुमारास रूपांतर होत होते. एकोणिसाव्या शतकाच्या ओघात विभक्तिप्रत्ययांनी युक्त अशी जुनी रोमानी तेथे मावळली आणि इंग्रजी व्याकरणाच्या चौकटीत रोमानी शब्द पेरून बोलण्याची रीत तेवढी उरली. यारोन मात्रास यांनी २०१० च्या आपल्या ग्रंथात या अवस्थेस भाषेचा मरणोत्तर जन्म अशा अर्थाचे नाव दिले आहे. वेल्समध्ये जुनी भाषा अधिक काळ टिकली व जॉन सॅम्प्सन यांनी १९२६ मध्ये तिचा बृहद्ग्रंथ सिद्ध केला. इंग्लंडातील शब्दसंग्रहासाठी जॉर्ज बॉरो यांचा १८७४ चा कोश आणि स्मार्ट व क्रॉफ्टन यांचा १८७५ चा ग्रंथ ही प्रमुख साधने होत. मूल, मुलगा या अर्थाचा प्रस्तुत शब्द या दोन्हींत नोंदलेला आहे.

त्यापुढे इंग्रजी बोलींत ‘चॅव्ही’ असे रूप आढळते. अर्थ लहान मूल. इंग्रजीत महाप्राण हा अर्थभेदक नसल्याने ‘छ’चा ‘च’ होणे अपरिहार्य होते. अंत्य ‘ओ’च्या जागी ‘ई’ कशी आली, याचा उलगडा रोमानीतील अनेकवचनी ‘छावे’ या रूपावरून होऊ शकतो. मुलांना हाक मारताना व मुलांविषयी बोलताना हेच रूप परक्याच्या कानी अधिक पडणार. स्पॅनिशमध्ये नेमके असेच घडले आहे. तेथील ‘चावाल’, म्हणजे पोरगा, हा शब्द स्पेनमधील रोमानीच्या संबोधन-अनेकवचनापासून आला असे स्पॅनिश अकादमीचा कोश सांगतो. दोन भिन्न देशांत परक्यांनी शब्द उचलला तो घरातल्या पोरांना घातलेल्या हाकेतून, ही गोष्ट लक्षणीय आहे.

‘चॅव्ही’ हा शब्द केंट परगण्यात विशेष रूढ होता. हॉप वेलींच्या बोंडांची तोडणी व फळांची वेचणी यांसाठी दर हंगामात तेथे जिप्सी कुटुंबे आणि लंडनच्या पूर्व भागातील गरीब कामकरी एकत्र राबत. शब्द एका ओठावरून दुसऱ्या ओठावर जाण्यास याहून सोयीची जागा असू शकत नाही. रंगभूमी, सर्कस व समलिंगी पुरुष यांच्या वर्तुळातील ‘पोलारी’ नामक गुप्तभाषेतही ‘चॅव्ही’ म्हणजे मूलच. येथपर्यंत शब्दात तिरस्काराचा लवलेश नाही.

५

तिरस्कार आला कोठून? ‘चॅव्ह’ हे तोडके रूप निंदाव्यंजक अर्थाने व्यापक प्रमाणात दिसू लागले ते १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस. ‘मुलगा’ या अर्थाच्या शब्दाने खालची पायरी गाठावी यात अर्थशास्त्रदृष्ट्या नवल काहीच नाही. इंग्रजी ‘नेव्ह’ हा शब्द जर्मन ‘क्नाबे’चा, म्हणजे मुलाचा, आप्त, मुलगा, मग चाकर, मग लबाड अशी त्याची घसरण झाली. ग्रीक ‘पाइस’ व लॅटिन ‘पुएर’ हे मुलास व गुलामास सारखेच लागत. मराठीतही चहाच्या दुकानातील ‘पोऱ्या’ वयाने कितीही वाढला तरी पोऱ्याच राहतो. ज्यास समाज प्रौढाचा मान देऊ इच्छीत नाही त्यास तो पोर म्हणतो. उसन्या शब्दांची अशी अवनती मराठी वाचकास अपरिचित नाही : अरबीत ‘मौला’ या शब्दाचे अनेकवचन ‘मवाली’, आश्रित व अनुयायी असा त्याचा एक अर्थ, मराठीत मवाली म्हणजे गुंड.

परंतु सामान्य प्रवृत्ती सांगून एका विशिष्ट काळी विशिष्ट शब्द का घसरला याचे उत्तर मिळत नाही. त्यासाठी त्या काळाकडे पाहावे लागते. केंटमधील चॅटम येथील नौदलाची गोदी १९८४ मध्ये बंद झाली. त्याच दशकात ब्रिटनच्या अनेक भागांतील खाणी व कारखाने बंद पडले. ज्या वर्गास पूर्वी ‘कामकरी वर्ग’ या नावाने ओळख व थोडाफार मान होता, त्याच्या मोठ्या भागाचे कामच नाहीसे झाले. १९९८ च्या कायद्याने ‘समाजविघातक वर्तना’वर बंदीहुकूम काढण्याची सोय केली. २००३ मध्ये दूरचित्रवाणीवर आलेल्या ‘लिटल ब्रिटन’ या विनोदी मालिकेतील व्हिकी पोलार्ड हे पात्र घराघरांत पोचले. २००४ मध्ये या विषयावर चेष्टेची पुस्तके निघाली. बर्बरी या वस्त्रव्यवसायसंस्थेने आपल्या प्रसिद्ध चौकटीच्या टोप्यांची निर्मिती त्याच वर्षी थांबविली, कारण त्या टोप्या ज्यांच्या डोक्यावर दिसू लागल्या होत्या ते ग्राहक तिला शोभेसे वाटेनात. २००५ मध्ये केंटमधील ब्लूवॉटर या बाजारसंकुलाने डोके झाकणारी बंडी व अशा टोप्या घालणाऱ्यांस प्रवेशबंदी केली.

म्हणजे नवा शब्द जन्मला तो एका रिकाम्या जागेत. जुने वर्गनाम निकामी झाले होते आणि वर्गविषयक तुच्छता बोलून दाखविण्यास सभ्य शब्द उरला नव्हता. वंश व वर्ण यांवरून हिणविणे तोवर निंद्य ठरले होते. वर्गावरून हिणविण्यास तशी आडकाठी नव्हती. २०१० च्या ब्रिटिश समता-कायद्यानेही सामाजिक वर्गास संरक्षित गुणांत स्थान दिले नाही. इमोजेन टायलर यांनी २००८ मध्ये या शब्दामागील किळसेचे विश्लेषण करून ती विशेषतः गरीब तरुण मातांवर कशी रोखलेली आहे हे दाखविले. त्याच वर्षी फेबियन सोसायटीच्या नियतकालिकातून हा शब्द टाकून द्यावा असे आवाहन झाले. ओवेन जोन्स यांचा या शब्दासच शीर्षक करणारा ग्रंथ २०११ मध्ये आला. श्रमिकांच्या दुःस्थितीचे खापर त्यांच्याच स्वभावावर फोडण्याचे हा शब्द एक साधन आहे, असा त्याचा रोख होता.

६

या काळात शब्दाच्या व्युत्पत्तीही पुष्कळ निघाल्या. कोणी म्हणाले, हे चॅटम गावाच्या नावाचे संक्षिप्त रूप. कोणी त्याचे मूळ चेल्टनम येथे नेले : तेथील उच्चकुलीन मुलींच्या शाळेत गावातील सामान्य पोरांना उद्देशून तो तयार झाला म्हणे. सर्वांत लोकप्रिय झाली ती आद्याक्षरांची व्युत्पत्ती : ‘काउन्सिल हाउस्ड अँड व्हायलंट’, म्हणजे नगरसंस्थेच्या घरात राहणारा व हिंसक.

या व्युत्पत्तीचे खंडन करण्यास कालक्रम पुरेसा आहे. ब्रिटनमध्ये नगरसंस्थांनी मोठ्या प्रमाणावर घरे बांधण्यास आरंभ केला तो १९१९ च्या गृहबांधणी कायद्यानंतर. ‘छावो’ व त्याची इंग्रजाळलेली रूपे बॉरो आणि स्मार्ट-क्रॉफ्टन यांच्या ग्रंथांत त्याच्या चाळीसहून अधिक वर्षे आधी छापली गेली होती. चॅटमच्या पक्षात एवढेच म्हणता येईल, की शब्दाचा प्रचार केंटमध्ये असल्याने गावाच्या नावाशी त्याची सांगड घातली जाणे स्वाभाविक होते. त्या नावाने शब्दास आधार दिला असेल, जन्म दिला नाही.

तथापि खोटी व्युत्पत्ती खोडून काढली म्हणजे अभ्यासकाचे काम संपले असे नाही. आपल्या परंपरेतील ‘पुत्र’ शब्दाचे निर्वचन सर्वपरिचित आहे : ‘पुत्’ नावाच्या नरकापासून तारतो तो पुत्र. ऐतिहासिक भाषाशास्त्र हे निर्वचन स्वीकारीत नाही. पण पुत्राकडून समाजाची अपेक्षा काय होती, श्राद्धकर्मात त्याचे स्थान कोणते होते, हे त्या निर्वचनाइतके थोडक्यात दुसरे काही सांगत नाही. तीच गोष्ट येथे. ‘नगरसंस्थेच्या घरातला हिंसक’ या जुळवणीत शब्दाचे मूळ नाही. परंतु तो वापरणाऱ्यांच्या मनात काय होते याची ती प्रामाणिक कबुली आहे. घर कोणाच्या मालकीचे, यावरून माणसाचा स्वभाव ठरविण्याची वृत्ती तीत उघडी पडते. लोकव्युत्पत्ती ही उगमाविषयी अविश्वसनीय आणि वापराविषयी अत्यंत विश्वसनीय साक्षीदार असते.

७

हाच शब्द युरोपात अन्यत्र गेला तेव्हा त्याचे काय झाले, हे पाहिल्यावाचून इंग्लंडातील अवनतीचे माप कळत नाही. स्पेनमध्ये ‘चावाल’ हा शब्द आपुलकीने कोणत्याही पोरास लावतात. मेक्सिकोतील ‘चावो’ याच गोताचा मानला जातो. १९७० नंतरच्या दशकात ‘एल चावो देल ओचो’ या दूरचित्रवाणी-मालिकेने तो स्पॅनिशभाषी जगात लाडका केला. हंगेरीत ‘चावो’ म्हणजे ‘गडी’, आणि ‘चाय’ म्हणजे पोरगी. दोन्ही बोलभाषेतले, पण शिव्या नव्हेत. जर्मनीत ‘चाबो’ हे रूप तरुणांच्या बोलीत मिरवते. २०१२ मधील एका गाजलेल्या रॅप गीताने ते सर्वदूर नेले. स्वीडनमध्ये तर ‘छाय’पासून आलेला शब्द मुलगी या अर्थी रोजच्या बोलण्यातला सर्वसामान्य शब्द झाला आहे.

या देशांत रोमानीभाषकांस सन्मानाने वागविले गेले असा याचा अर्थ घेऊ नये. इतिहास तसे म्हणू देत नाही. अर्थ एवढाच, की तिरस्कार शब्दाच्या अंगी बरोबर आलेला नव्हता. ध्वनी तोच, मूळ तेच, आणण्याऱ्या समाजाची स्थितीही बहुतेक ठिकाणी सारखीच हलाखीची. तरीही एका ठिकाणी तो लाडाचा झाला, दुसऱ्या ठिकाणी उदासीन राहिला व तिसऱ्या ठिकाणी दगडासारखा फेकला गेला. फरक पडला तो घेणाऱ्या समाजास त्या क्षणी कोणत्या शब्दाची निकड होती यामुळे.

रोमानीतील एक भेद येथे शेवटी लक्षात घेतला पाहिजे. ‘छावो’ म्हणजे कोणताही मुलगा नव्हे. तो रोम कुळातला मुलगा, आपल्यातला मुलगा. परक्या मुलासाठी ‘राक्लो’ हा वेगळा शब्द आहे व त्याचा संबंध हिंदी ‘लडका’ याच्याशी जोडतात. आपला आणि परका ही रेघ त्या भाषेने मुलाच्या नावापासूनच ओढलेली आहे. ‘छावो’ या शब्दाचे सारे मर्म त्या आपलेपणात होते. इंग्रजीत गेल्यावर शब्द नेमका रेघेच्या पलीकडे गेला : ‘आपला मुलगा’ होता तो ‘त्यांचा मुलगा’ झाला. ज्यांना उद्देशून तो वापरला गेला ते बहुतेक रोम नव्हतेच. रोमानीच्या हिशेबी ते सारे ‘राक्लो’ ठरतात. आणि इंग्लंडातील जिप्सी कुटुंबांत ‘चॅव्ही’ हा शब्द घरातल्या लेकरांसाठी मायेने वापरला जात असता, तोच शब्द बाहेर, शाळेच्या अंगणात, शिवी म्हणून त्या लेकरांच्या कानी पडावा, ही स्थिती निर्माण झाली.

भारतीय अभ्यासकास यातून घेण्याजोगे काही आहे. १८७१ च्या गुन्हेगार-जमाती कायद्याने येथील अनेक भटक्या समाजांची नावे गुन्ह्याच्या यादीत घातली. १९५२ मध्ये तो कायदा गेला, परंतु जमातींची नावे हिणविण्यासाठी वापरण्याची सवय कायद्याबरोबर गेली नाही. कोशात अशा शब्दांपुढे ‘निंदाव्यंजक’ एवढी खूण करून भागत नाही. कोणी, कोणास, केव्हापासून व कोणत्या निकडीने तो शब्द तसा वापरला, याचा इतिहास लिहिल्याशिवाय त्या शब्दाचा अर्थ लिहून पुरा होत नाही. ‘छावा’ या शब्दाचा अभिमान बाळगणाऱ्या भाषेच्या अभ्यासकांनी त्याच्या दूरदेशी गेलेल्या भावंडाची ही हकीकत आपल्या कोशविचारात जमेस धरणे उचित होईल.